आचेमधील शांतता आणि परदेशी निरीक्षक

प्रश्न : श्रीलंकेत नॉर्वेने इतकी वर्षे मध्यस्थी करूनही अखेर युद्ध पेटलेच. दुसऱ्या देशांच्या राजनैतिक पाठबळामुळे एखाद्या प्रदेशात शांतता टिकल्याचे उदाहरण आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आहे, आणि आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही याची मला खंत वाटते. सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकावरील आचे प्रांतात १९७६ पासून ‘स्वतंत्र आचे चळवळ’ आणि इंडोनेशियाचे सरकार यांच्यात संघर्ष चालू होता आणि त्यात सुमारे १५,००० माणसे मारली गेली. १५ ऑगस्ट २००५ रोजी हेलसिंकी येथे करार होऊन तो थांबला.

याचे श्रेय बहुतेक जण डिसेंबर २००४ च्या त्सुनामीला देतात. पण त्याच लाटांनी श्रीलंकेचा किनाराही उद्ध्वस्त केला होता आणि तिथे शांतता आली नाही. आचेमध्ये दोन्ही बाजू लढून थकल्या होत्या, उपराष्ट्राध्यक्ष युसुफ कल्ला यांच्याकडून त्सुनामीपूर्वीच चाचपणी सुरू झाली होती, आणि मध्यस्थ म्हणून फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी अहतिसारी लाभले. स्वातंत्र्याचा मुद्दा चर्चेत येणार नाही, जे काही मिळेल ते इंडोनेशियाच्या चौकटीतील स्वशासन असेल, हे त्यांनी बंडखोरांना आरंभीच स्पष्ट सांगितले. हा कठोरपणा मला आवश्यक वाटतो, कारण खोटी आशा दाखवून बसवलेली बैठक फार काळ चालत नाही.

खरी कसोटी सहीनंतर होती. युरोपीय संघ, नॉर्वे, स्वित्झर्लंड आणि थायलंड, मलेशिया, सिंगापूर, ब्रुनेई व फिलिपाइन्स हे ‘आसियान’ या आग्नेय आशियाई राष्ट्रांच्या संघटनेतील पाच देश यांचे नि:शस्त्र निरीक्षक आचेमध्ये उतरले. बंडखोरांनी ८४० शस्त्रे द्यायची होती. ती चार टप्प्यांत, लोकांच्या डोळ्यांदेखत, यांत्रिक करवतीने कापली गेली. निकामी हत्यारे मोजणीत धरली नाहीत. प्रत्येक टप्प्याबरोबर सरकारने प्रांताबाहेरून आणलेले सैन्य आणि पोलीसही मागे घेतले जात होते, त्यामुळे आपणच तेवढे उघडे पडलो असे कोणत्याही बाजूला वाटले नाही.

श्रीलंकेतील निरीक्षक केवळ नॉर्डिक देशांचे होते. मे २००६ मध्ये युरोपीय संघाने तमिळ वाघांना दहशतवादी संघटनांच्या यादीत घातले, तेव्हा वाघांनी संघाच्या सदस्य देशांचे निरीक्षक परत पाठवण्याची मागणी केली आणि ते पथक दुबळे झाले. आचेमध्ये मात्र शेजारी देश सोबत असल्याने निरीक्षकांचा शब्द जकार्तालाही परका वाटला नाही. श्रीलंकेतील अपयशाचे हे एकमेव कारण नव्हे, तिथे दोन्ही बाजूंनी युद्धाची तयारी कधी सोडलीच नव्हती. परंतु हा फरक मला मोलाचा वाटतो.

डिसेंबर २००६ मध्ये आचेच्या मतदारांनी चळवळीतील इरवांडी युसुफ यांना गव्हर्नर म्हणून निवडून दिले आणि त्याच महिन्यात निरीक्षक मायदेशी परतले. करारात कबूल केलेले मानवाधिकार न्यायालय मात्र तोपर्यंत उभे राहिले नव्हते, आणि पुढे त्यासाठी तगादा लावायला ते पथक तिथे उरले नाही.