पार्किन्सन, अल्झायमर, एएलएस: आजार वेगळे, मग संशोधन एकत्र कशाला?

मेंदू आणि चेतासंस्थेच्या या आजारांवर एकत्र संशोधन कशाला, हा प्रश्न रास्त आहे. आजार वेगळे, गोळ्या वेगळ्या, तर संशोधकांनी एकत्र कशाला बसायचं?

कारण पेशीच्या आत डोकावलं की आजारांमधल्या भिंती पातळ होतात. एएलएस या चेतापेशींच्या आजारात हातापायातलं बळ जातं, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात माणसाचा स्वभावच बदलतो. वरवर काही संबंध नाही. पण २००६ साली कळलं, की एएलएसच्या बहुतेक आणि या डिमेन्शियाच्या बऱ्याच रुग्णांच्या मेंदूत साठलेल्या गुठळ्या टीडीपी-४३ या एकाच प्रथिनाच्या आहेत. पुढे २०११ मध्ये एकाच जनुकातला दोष दोन्हीकडे सापडला, कधी कधी तर एकाच घरातल्या दोघांत! दोन्ही आजारांचे संशोधक आपापल्या खोलीत बसले असते तर हे कोण जोडणार होतं?

रक्तातल्या खुणांचंही तसंच. चेतातंतूंना इजा झाली की न्यूरोफिलामेंट लाइट हे प्रथिन रक्तात वाढतं, मग आजार मल्टिपल स्क्लेरोसिस असो की एएलएस. २०२३ मध्ये अमेरिकेत टोफरसेन या एएलएसवरच्या औषधाला परवानगी मिळाली ती याच प्रथिनाची घट पाहून. ते मात्र एएलएसच्या एका दुर्मीळ आनुवंशिक प्रकारापुरतंच.

माझ्या घरीही पार्किन्सन आहे. इथे ठाण्यात, तलावपाळीवर निघायच्या आधी बाबांची शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी दहा मिनिटं झटापट चालते. त्यांना आजही लेव्होडोपा हे पार्किन्सनचं नेहमीचं औषधच लागतं, आणि ते वेळेवर. एकत्रित संशोधनाच्या बातमीवरून गोळ्यांत स्वतः फेरफार करू नका, न्यूरॉलॉजिस्टला विचारा.