सोलापूरच्या उन्हात घरात रोज ताजी फुलं ठेवणं परवडतं का?

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य टोचलं, म्हणून लिहायला बसले. तुम्ही म्हणता, परदेशात लोक स्वतःसाठी टेबलावर फुलं ठेवतात, आपल्याकडे फुलं फक्त देवाला आणि सवाष्णींच्या केसांत. मग घरात प्लास्टिकची ठेवली तर काय बिघडलं?

परवडण्याचं आधी सांगते. परवडतं. वीस रुपयांचा मोगरा दोन संध्याकाळी घर भरून टाकतो. आता त्या वाक्याकडे येते.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चाळीत होतं. वडील गिरणीत, आई घरी विड्या वळायची. रोज सकाळी फुलवाल्या मावशी यायच्या, टोपलीवर ओलं गोणपाट. पानात बांधलेली पुडी दाराच्या कडीला अडकवून जायच्या. पुडीत दोन झेंडू, एखादी जास्वंद, तुळस, सोमवारी बेल आणि सगळ्यात वर केळीच्या सोपटात गुंफलेला वीतभर गजरा. तो आईचा. ती तो लगेच माळत नसे. माठाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्यात खोचून ठेवायची आणि संध्याकाळी विड्या कारखान्यात देऊन आली की हातपाय धुऊन केसांत घालायची. दिवसभर तंबाखूत बसलेल्या बाईच्या अंगाला संध्याकाळी मोगऱ्याचा वास यायचा. माझ्या लहानपणाची आठवण म्हणाल तर हीच.

फेब्रुवारी 1991 मध्ये वडील गेले. माझी दहावीची परीक्षा तोंडावर होती. तेरावं झालं, पुडी पुन्हा सुरू झाली. पहिल्या दिवशी आईने ती सोडली, झेंडू काढले, तुळस काढली आणि रिकामं पान उलटंपालटं करून बघितलं. गजरा नव्हता. थोरल्या काकांनी मावशींना परस्पर कोपऱ्यावर गाठून सांगितलं होतं. आईला कुणी विचारलंही नव्हतं. ती काही बोलली नाही. पान घडी करून ठेवलं आणि सूप मांडीवर घेतलं.

हे सगळं शेजारच्या अक्कांच्या नजरेतून सुटलं नाही. अक्का तेलुगू, नवरा यंत्रमागावर. मोगऱ्याचे दिवस सुरू झाले तशा एका दुपारी त्या ओंजळभर मिटल्या कळ्या घेऊन आल्या. "वहिनी, केसात नको तर नको. वाटीत ठेवा की." स्टीलच्या वाटीत दोन बोटं पाणी घातलं आणि वाटी आईच्या सुपाशेजारी ठेवून दिली. संध्याकाळी कळ्या उमलल्या. आई विडीला दोरा बांधता बांधता मधेच थांबायची, वाटीकडे बघायची, पुन्हा पुढची विडी घ्यायची.

दोन दिवसांनी काका आले. "हे कुणासाठी?" आई म्हणाली, "मला बरं वाटतं." काकांनी वाटी उचलली आणि मोरीत पालथी केली. मी दारात उभी होते. आई उठली, मोरीत बसली, एकेक फूल वेचलं, तांब्यातल्या पाण्याने धुतलं आणि पुन्हा वाटीत घातलं. काकांच्या समोर. त्यानंतर दोन वर्षं काकांनी आमच्याकडे चहा घेतला नाही. आईची वाटी मात्र एक दिवस बंद पडली नाही. मोगरा संपला की शेवंती, शेवंती संपली की झेंडू, काहीच नसेल तर दारातली सदाफुली.

तेव्हा आपल्याकडे कुणी स्वतःसाठी फुलं ठेवत नाही, हे मला सांगू नका. ठेवतात. ती बघायला घरात जावं लागतं.

आणि ज्यांचं कौतुक तुम्ही करता त्यांच्याकडेही सुरुवात देवापासूनच झालेली आहे. जपानी लोकांची इकेबाना बुद्धापुढे फुलं वाहण्यातून निघाली आणि मग घराच्या कोनाड्यात आली. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मेलेल्या माणसांसाठी झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, रंगाने आणि वासाने त्यांना घर सापडावं म्हणून. आपण ज्याच्याशिवाय दसरा करत नाही तो झेंडू मुळात तिकडचाच, निशिगंधही तिकडचाच. केरळात ओणमचे दहा दिवस अंगणात फुलांची रांगोळी घालतात, ती तर येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांनीच बघायची.

लांब कशाला जाता? भाद्रपद अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत कधी सोलापूरच्या पूर्व भागात संध्याकाळी फिरा. तेलुगू बायका बतुकम्मा खेळताना दिसतील. ताटात तरवड, कुरडू, झेंडू यांचे थरावर थर रचतात, वर हळदीची गौरी. भोवती फेर धरून टाळ्या वाजवत गातात आणि शेवटी पाण्यात सोडतात. फुलं देवीला वाहायची नाहीत, ती रास हीच देवी. आणि त्यात तरवड आणि कुरडू काय, आपल्या माळरानावर, रस्त्याच्या कडेला आपोआप उगवणारी. अक्का पहाटे पिशवी घेऊन जायच्या आणि फुकट घेऊन यायच्या. कोरड्या मुलखात फुलं परवडत नाहीत म्हणणाऱ्यांनी हे बघावं.

प्लास्टिकबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आणू नका. आपल्याकडची धूळ आठ दिवसांत त्यावर बसते, मग ती वर्षभर कुणी पुसत नाही. ताजं फूल कोमेजतं, म्हणून त्याच्याकडे रोज बघावं लागतं, पाणी बदलावं लागतं. मला त्यातली हीच गोष्ट आवडते.

आता तुमच्या उन्हाचं. मोगरा दुपारनंतर घ्या, कळ्या मिटलेल्या बघून. सकाळी उमललेला घेतला तर संध्याकाळपर्यंत तपकिरी पडतो. देठाची फुलं असतील तर देठ तिरका कापा आणि पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, ती कुजली की पाण्याला घाण वास येतो. कूलरच्या वाऱ्यात ठेवू नका. पिकलेल्या केळ्यांशेजारी तर मुळीच नको, पिकत्या फळांतून जो वायू निघतो त्याने फुलं लवकर गळतात. रात्री ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळा, सोलापुरात त्याची काही कमी नाही. नळाला पाणी रोज येत नाही हे मान्य, पण वाटीला पाणी लागतं किती? आणि जुनं पाणी तुळशीला जातं.

घरात कुणाला दम्याचा त्रास असेल तर निशिगंध, मोगरा बंद खोलीत ठेवू नका. दसरा-दिवाळीला भाव चढतात तेव्हा कमी घ्या. हात तंग असेल तर डब्यात सदाफुली लावा, उन्हाला दाद देत नाही.

एक राहिलं. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ती बातमी मी आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग विचारलं, "गजरा कितीला आहे सध्या?" मी तशीच उठून घेऊन आले. तिने तो नाकाशी धरला. "आता केस कुठे राहिलेत," म्हणाली आणि वाटीत ठेवला. माझ्या लग्नातही मी तिच्या अंबाड्यात माळायला गेले होते, तेव्हा तिने माझा हात धरला होता. या वेळी निदान भाव तरी विचारला.

काकाही आता नाहीत. चुलतभावाच्या घरी त्यांच्या फोटोला प्लास्टिकचा हार आहे. गेल्या दिवाळीत मी तो काढून झेंडूचा घातला. काका, बघा, हा तुमच्यासाठी, असं मनात म्हणाले. आठवड्याने गेले तर प्लास्टिकचा परत चढला होता. यंदा पुन्हा झेंडू घेऊन जाणार आहे.