वाचक विचारतात: आठवडाभर गाडीने पोर्तो रिको

कॅरिबियन बेटांवर गाडीने फिरण्याबद्दल प्रश्न मागवले, तेव्हा निम्म्याहून अधिक पत्रं पोर्तो रिकोबद्दलची निघाली. बेट अमेरिकेच्या ताब्यात असल्यामुळे अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना ते सोयीचं पडतं. म्हणून हा अंक त्याच बेटासाठी.

माझ्या एच-१बी व्हिसाचा पासपोर्टवरचा शिक्का संपला आहे, पण मुदतवाढ मंजूर आहे. जाऊन परत येताना अडचण येईल का? (स. दे., एडिसन, न्यू जर्सी)

न्यू जर्सीहून बेटाची राजधानी सान हुआनचं थेट विमान घेतलंत तर तो देशांतर्गत प्रवास आहे. शिक्का लागत नाही. तरी पासपोर्ट, आय-७९७ मंजुरीपत्र आणि आय-९४ या प्रवेशनोंदीची छापील प्रत बरोबर ठेवा, कारण विमानतळावर कागद विचारले जाऊ शकतात.

खरी चूक तिकीट काढताना होते. स्वस्त पडतं म्हणून पनामा किंवा सांतो डोमिंगोमार्गे तिकीट काढलं, की तुम्ही अमेरिकेबाहेर गेलात आणि परतताना शिक्का हवाच. ब्रिटिश व्हर्जिन बेटांच्या एका दिवसाच्या बोटसफरीलाही हेच लागू. शेजारचं सेंट थॉमस अमेरिकेचंच असलं तरी तिथून निघताना इमिग्रेशनची तपासणी होते, हे लक्षात असू द्या.

नकाशावर बेट जेमतेम १७५ किलोमीटर लांब आणि ६० रुंद दिसतं. चौघं आहोत. रोज नव्या गावी मुक्काम करत पूर्ण प्रदक्षिणा घालायचा विचार आहे. सात दिवस जास्त तर होणार नाहीत? (मं. कु., डॅलस)

जास्त नाहीत, आणि रोज नवं गाव हा बेत सोडाच. या बेटावर किलोमीटर मोजून काही कळत नाही, तास मोजावे लागतात. सान हुआन ते दक्षिणेचं पोन्से हे सव्वाशे किलोमीटरच्या आतलं अंतर ५२ नंबरच्या टोल रस्त्याने दीड तासात होतं. पण डोंगरातून जाणारा ‘रुता पानोरामिका’ धरलात, तर तासाला पंचवीस-तीस किलोमीटरही कठीण. तो पूर्वेच्या माउनाबोपासून पश्चिमेच्या मायाग्वेसपर्यंत सुमारे २६६ किलोमीटर जातो. एकसंध रस्ता नाही, चाळीसेक लहान रस्त्यांची गोधडी आहे. दर काही मैलांवर नंबर बदलतो आणि पाट्या कधी झाडीत गडप. एका दिवसात तो संपवायला निघालेले अंधारात घाटात अडकतात.

सात रात्रींची आमची वाटणी अशी: सान हुआन दोन, पूर्वेला लुकियो किंवा फहार्दो दोन, नैर्ऋत्येला ला पार्गेरा किंवा बोकेरोन दोन, आणि वायव्येला रिंकोन किंवा इसाबेला एक. चार मुक्काम, म्हणजे सामान तीनदाच हलवायचं.

पहिले दोन दिवस गाडी घेऊच नका. जुन्या सान हुआनच्या निळसर दगडी गल्ल्या पायी फिरायच्या आहेत. तिथे गाडी म्हणजे दिवसभर पार्किंग शोधणं आणि भाडंही भरणं. एल मोर्रो आणि सान क्रिस्तोबाल हे दोन्ही किल्ले एकाच तिकिटात होतात. मात्र सकाळी जा, एल मोर्रोसमोरच्या मैदानात सावली अजिबात नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी ताब्यात घ्या.

पूर्वेला एल युंके हे वर्षावन. १९१ नंबरचा रस्ता वर चढतो आणि मध्येच संपतो. दरड कोसळल्यामुळे दक्षिणेकडचा भाग १९७०च्या दशकापासून बंद आहे. नाग्वाबोकडे उतरू असा हिशेब करू नका, आलात त्याच वाटेने परत यायचं आहे. वरचे वाहनतळ लवकर भरतात, त्यामुळे फाटक उघडतानाच पोचावं. ओढ्यात उतरलात तर पाण्यावर नजर ठेवा. वर कुठे तरी पाऊस पडला, की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी गढूळ होऊन पालापाचोळा वाहू लागला, की टॉवेल-चपला गोळा करत न बसता बाहेर पडायचं.

फहार्दोहून दक्षिणेकडे ५३ नंबरचा रस्ता धरा. तो सलग पूर्ण झालेला नाही. माउनाबोचे बोगदे ओलांडले की पुढे काही पट्टा जुन्या ३ नंबरच्या रस्त्याने जावं लागतं आणि मग पुन्हा मोठा रस्ता मिळतो. पोन्सेपर्यंत दोन ते अडीच तास धरा. तिथलं लाल-काळ्या पट्ट्यांचं जुनं अग्निशमन केंद्र आणि चौक पाहून पुढे निघा.

डोंगर बघायची हौस असेल, तर पानोरामिकाचा एकच तुकडा घ्या. पोन्सेहून १० नंबरने आदहुंतासला चढा, तिथून १४३ नंबरच्या रस्त्याने डोंगराच्या कण्यावरून पूर्वेला जा आणि १४९ नंबरने दक्षिणेला उतरा. वाटेत बेटाचं सर्वोच्च शिखर, १,३३८ मीटरचं सेर्रो दे पुंता लागतं. सकाळी निघालात तर अर्ध्या दिवसात होतं. टाकी पोन्सेतच भरा, आंधळ्या वळणावर हॉर्न द्या, आणि आदल्या दिवशी मुसळधार पाऊस झाला असेल तर बेत रद्द करा.

नैर्ऋत्य टोकाला पाऊस एकदम कमी. एल युंकेत झाडांवर शेवाळ लोंबतं आणि ग्वानिकाच्या जंगलात निवडुंग. दोन्ही एकाच बेटावर, कारण ईशान्येकडून येणारे ओले वारे डोंगराच्या अलीकडेच रिकामे होतात. सह्याद्रीपलीकडे माण-खटाव कोरडं का, तेच इथे. काबो रोहोच्या दीपगृहाकडचा ३०१ नंबरचा रस्ता शेवटी कच्चा आणि खड्ड्यांचा आहे. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्यावरच्या नुकसानीला विमा बहुधा नसतो, म्हणून खड्डे वाढले की गाडी लावून चालत जा.

प्रदक्षिणेची दिशा? समुद्र उजवीकडे राहावा म्हणून काही जण उलट फेरी सुचवतात. मोठ्या रस्त्यांवरून समुद्र फारसा दिसतच नाही, तेव्हा त्यासाठी बेत फिरवू नका. दिशा वारांवर ठरवा: पूर्वेचे दिवस सोमवार ते गुरुवारात यावेत. शनिवार-रविवारी सान हुआनची मंडळी लुकियोकडे लोटतात आणि ३ नंबरचा रस्ता तुंबतो.

बाबा पुण्याहून येणार आहेत आणि त्यांनाही गाडी चालवायची आहे. भारतीय लायसन्स चालेल का? आणखी काय सांगून ठेवू? (अ. जो., अटलांटा)

मूळ लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना आणायला सांगा, काउंटरवरचा वाद टळतो. तो निघण्यापूर्वी त्यांच्या आरटीओतूनच काढावा लागतो, अमेरिकेत आल्यावर मिळत नाही. भाडेकरारात दुसरा चालक म्हणून नाव घालायलाच हवं, नाही तर अपघातात विमा हात वर करतो.

रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं आहे. पहिल्या दिवशी डोंगर किंवा शहर देऊ नका, ५२ नंबरचा सरळ रस्ता द्या. चूक सरळ रस्त्यावर होत नाही. रिकाम्या चौकात डावीकडे वळल्यावर हात आपोआप जुन्या बाजूला जातो, तेव्हा शेजारी बसणाऱ्याने बोलत राहावं.

अंतराच्या पाट्या किलोमीटरमध्ये आणि वेगमर्यादा मैलांत, असा दुहेरी कारभार आहे. मर्यादेच्या पाटीवर ६५ म्हणजे ताशी १०५ किलोमीटर. पेट्रोल लिटरवर मिळतं. अमेरिकेतून आलेल्यांना भाव फार स्वस्त वाटतो, पण गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, तेवढा गुणाकार करा. पंपावर कार्ड घातलं की पत्त्याचा पिनकोड विचारतात. भारतीय कार्ड तिथे अडतं, तेव्हा आत जाऊन पंपाचा नंबर सांगून आधी पैसे भरावेत.

पाट्या स्पॅनिश: ‘पारे’ म्हणजे थांबा, ‘सालिदा’ बाहेर पडायचा फाटा, ‘देसवियो’ वळणरस्ता, ‘सेर्रादो’ बंद. गावाबाहेरच्या पत्त्यात घरनंबराऐवजी रस्त्याचा नंबर आणि किलोमीटर असतो, जसं ‘३०४, किलोमीटर ३.२’. कडेला लहान खांबांवर हे आकडे असतात. मोबाइलचा नकाशा गोंधळला तर त्यांवर भरवसा ठेवा.

टोलनाक्यांवर रोकड घेत नाहीत, ‘आउतोएक्सप्रेसो’चा टॅग लागतो. गाडीत तो आहे का आणि कंपनी दिवसाला किती आकारते, हे सही करण्यापूर्वी विचारा. समुद्रकिनाऱ्यावर काचा फोडून चोऱ्या होतात. सामान डिकीत टाकायचं तर मुक्कामावरच टाका, किनाऱ्यावर पोचून डिकी उघडली की बघणाऱ्याला कळतंच.

आम्ही शाकाहारी आहोत, अंडंही नाही. निभेल? (वै. प., फ्रीमाँट)

निभेल, पण विचारत खावं लागेल. राजमा-भात निरुपद्रवी दिसतो, पण त्यात बहुधा हॅम शिजलेलं असतं. मोफोंगो म्हणजे कच्ची केळी तळून लसणाबरोबर कुटलेला गोळा, त्यात डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घालतात. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढंच म्हणालात तर काही ठिकाणी कोंबडी येते, कारण ‘कार्ने’ म्हणजे अनेकांच्या लेखी लाल मांस. म्हणून पुरतं सांगा: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन, सिन चिचार्रोन, सिन वेवो’. पोयो म्हणजे कोंबडी, हामोन म्हणजे हॅम, चिचार्रोन म्हणजे चरबीचे ते तुकडे, वेवो म्हणजे अंडं. ‘मान्तेका’ म्हणजे डुकराची चरबी, ‘मान्तेकिया’ म्हणजे लोणी. मऊ, गोडसर पाव ‘पान सोबाओ’ मान्तेका घालून मळतात.

‘गांदुलेस’ वाचून गांडूळ आठवू देऊ नका, ती आपली ओली तूर आहे. तिचा भात मात्र बहुतेकदा डुकराच्या मांसाबरोबर शिजतो. कच्च्या केळ्यांचे तळलेले काप ‘तोस्तोनेस’, पिकल्या केळ्यांचे ‘आमारियोस’ आणि उकडलेली कंदमुळं ‘वियांदास’ बिनधास्त मागा, फक्त तळणीचं तेल विचारून घ्या. कंदांत अळकुडीच्या जातीची आणि कोनफळाच्या कुळातली असतात. ‘पाना’ म्हणजे कोकणातला नीरफणस. त्याचे काप मिळाले तर सोडू नका.

खोलीला चूल असलेली जागा घेऊन कुकर नेणं हाही काही वाईट सल्ला नाही.

रात्री चमकणारं पाणी कुठे पाहावं? व्हिएकेस बेटावर गाडी नेता येते का? (ह. गो., शिकागो)

चमक एकपेशीय सूक्ष्मजीवांची, पाणी ढवळलं की ते उजेड टाकतात. जागा तीन. व्हिएकेसची मॉस्किटो बे सर्वांत तेजस्वी. फहार्दोच्या लागुना ग्रांदेत खारफुटीच्या अरुंद वाटेने कयाक वल्हवत जातात. पोहायला परवानगी आहे ती ला पार्गेरात, चमक मात्र तिथे सर्वांत फिकी.

तारीख ठरवताना कालनिर्णय उघडा. संकष्टीला चंद्र रात्री नऊच्या सुमारास उगवतो, हे उपवास करणाऱ्यांना सांगायला नको. संकष्टीच्या दुसऱ्या दिवसापासून अमावस्येनंतरच्या तृतीयेपर्यंत संध्याकाळचा पहिला प्रहर काळोखा मिळतो. पौर्णिमेच्या आसपास पैसे घालवू नका. अंगाला डासांचं मलम न लावता लांब बाह्यांचे कपडे घाला, मलम त्या जीवांना मारक आहे.

व्हिएकेस आणि कुलेब्रा या बेटांची फेरीबोट पूर्व किनाऱ्यावरच्या सेइबाहून सुटते, सान हुआनहून नाही. भाड्याची गाडी तीवर नेण्यास बहुतेक कंपन्यांची मनाई असते. गाडी सेइबाला लावा आणि पलीकडे दुसरं वाहन घ्या. तिकिटं ऑनलाइन आधी काढा. स्थानिकांना प्राधान्य असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी आयत्या वेळी जागा मिळत नाही. परतीची शेवटची बोट चुकली तर रात्र तिथेच काढावी लागेल, म्हणून विमानाच्या आदल्या दिवशी हा बेत ठेवू नये.

सप्टेंबरात भाडी निम्मी दिसतात. जावं का? (नि. सा., टोरोंटो)

भाडी उगाच उतरलेली नाहीत. वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर त्याचा कहर. मारिया २० सप्टेंबर २०१७ला आलं, फियोना १८ सप्टेंबर २०२२ला. जायचंच तर रद्द करता येणारी बुकिंग आणि वादळाचं नाव जाहीर होण्याआधी घेतलेला विमा हवा, नंतर घेतलेला त्या वादळाला लागू होत नाही. वीज गेली की कार्डयंत्रं आणि पंप बंद पडतात, तेव्हा थोडे सुटे डॉलर आणि निम्म्याहून जास्त टाकी ठेवा. आम्ही मेचा पूर्वार्ध सुचवू: गर्दी ओसरलेली आणि उत्तर किनाऱ्यावरच्या हिवाळी लाटाही शमलेल्या.

परतताना तिथले आंबे आणता येतील? (सु. का., बोस्टन)

नाही. सान हुआन विमानतळावर चेक-इनच्या आधी कृषी खात्याच्या यंत्रातून सामान जातं आणि ताजा आंबा तिथे काढून घेतात. आंबा झाडाखालीच खा, आणि घरी न्यायचीच तर भाजलेली कॉफी न्या.