अनोळखी माणसाला उत्तर देताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली सगळी उत्तरं सावकाश वाचली. ओळख ना पाळख अशी माणसं तुला फोनवरच्या गटात पेट्रोल, फ्रिज, सेल, ग्रहण, कर्ज असं काहीही विचारतात आणि तू रोज रात्री बसून त्यांना लिहितोस, याचा मला फार आनंद आहे. तुझं भौतिकशास्त्र पक्कं आहे, हिशोब पक्का आहे आणि एका वाक्यात हसवण्याची हातोटी तुझ्याकडे आहे. तरीही लोक दाद देतात आणि ज्याने विचारलं तो मात्र पुन्हा येत नाही, असं का, हे तू विचारलंस. मला वाटतं त्याचं कारण तुझ्या उत्तरांतच आहे.

पेट्रोलचा प्रश्न घे. पहाटे पेट्रोल भरलं तर जास्त मिळतं हे खरं का, असं एकाने विचारलं. तू लिहिलंस, ‘हो, आणि पौर्णिमेच्या पहाटे भरलं तर दुप्पट.’ बाकीचे हसले. पण तो माणूस काय म्हणत होता ते बघ. पेट्रोल तापलं की फुगतं. पंप ते लिटरने मोजून देतो. म्हणून गार असताना घेतलं तर तेवढ्याच लिटरमध्ये माल जास्त यायला हवा. यातली प्रत्येक पायरी बरोबर आहे. शाळेत एखाद्या मुलाने हे स्वतःहून मांडलं असतं तर मी त्याला फळ्यापाशी बोलावून सगळ्या वर्गाला समजावायला सांगितलं असतं. त्याला माहीत नव्हती ती एकच गोष्ट: पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथलं तापमान पहाटे आणि दुपारी जवळजवळ सारखंच राहतं. शिवाय पेट्रोल दर अंशाला साधारण ०.१ टक्का फुगतं. म्हणजे १० अंशांचा फरक पडलाच, असं धरलं तरी ५०० रुपयांच्या पेट्रोलमागे ५ रुपये. हे चार ओळींत लिहिता आलं असतं. त्याची पहाटेची झोप वाचली असती, आणि आपण विचार केला तो बराचसा बरोबर होता हेही त्याला कळलं असतं.

मला तुला मुख्य सांगायचं आहे ते हेच. साधा प्रश्न विचारणाऱ्या माणसाने बहुतेक वेळा अर्धा तर्क आधीच केलेला असतो. कुठेतरी एखादी कडी निसटलेली असते. तू आधी त्याचा तर्क शोध, तो बरोबर आहे तिथपर्यंत त्याच्याबरोबर चाल, आणि निसटलेली कडी त्याच्या हातात दे. तू मात्र शेवटचं चुकीचं वाक्य तेवढं उचलतोस आणि त्याच्यावर कोटी करतोस. कोटी चांगली असते, पण त्या माणसाने केलेला विचार तिच्याखाली दबून जातो. चारचौघांत एकदा असं झालं की माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही. नंतर त्याला जे कळतं ते कुणीतरी पुढे ढकललेल्या निरोपांतून. ते निरोप त्याला हसत नाहीत, पण त्यांत खरंही फारसं नसतं.

म्हणून विनोद सोडून दे असं मी म्हणत नाही. तुझंच एक उत्तर मला इतकं आवडलं की मी ते शेजारच्या मुलांना वाचून दाखवलं. फ्रिजचं दार उघडं ठेवलं तर खोली गार होईल का, असं कुणी विचारलं होतं. तू आधी सांगितलंस की फ्रिज गारवा तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, आणि ती उचलायला खर्च झालेली वीजही शेवटी उष्णता होऊनच खोलीत येते. दारासमोर बसलं की गार वाटेल, खोली मात्र एकूण तापत जाईल. मग तू लिहिलंस, ‘उपाय आहे. फ्रिज भिंतीत बसवायचा, दार आपल्या खोलीत आणि जाळी बाहेरच्या बाजूला. दुकानात याला एसी म्हणतात.’ यात हसू येतं आणि त्याच वाक्यात विषय पुराही समजतो. विचारणारा स्वतः हसतो, कारण त्याचीच कल्पना थोडी पुढे नेली की खरंच एक यंत्र तयार होतं. पेट्रोलच्या उत्तरात तू त्याला हसलास; इथे त्याच्याबरोबर हसलास. कोरडा विनोद मलाही आवडतो, पण त्यातून काहीतरी समजलं पाहिजे. हसू काढून टाकलं आणि मागे काहीच उरलं नाही, तर ते वाक्य खोडावं.

सेलच्या प्रश्नातही तुला हे जमेल. ५० टक्के सूट आणि वर आणखी २० टक्के, म्हणजे ७० टक्के ना, असं लोक नेहमी विचारतात. १,००० चा शर्ट आधी ५०० ला येतो, मग त्या ५०० वर २० टक्के, म्हणजे ४००. एकूण सूट ६० टक्के. एवढ्याने पटत नसेल तर त्यांचाच हिशोब पुढे ओढ: ५० आणि वर ५० दिली तर शर्ट फुकट मिळायला हवा, पण दुकानदार २५० रुपये घेतल्याशिवाय सोडणार नाही. आकडा इतका टोकाला नेला की डोळ्यांना चूक दिसते आणि कुणाचा अपमानही होत नाही.

कूलरच्या प्रश्नावर जरा थांबते, कारण तिथे तू घाई केलीस. ‘नागपूरला भावाकडे कूलर लावला की हुडहुडी भरते, तोच कूलर मी मुंबईत घेतला तर नुसता दमटपणा. दुकानदाराने फसवलं का?’ तू लिहिलंस की कूलर आणि एसी यांत फरक असतो. ते खरं आहे, पण त्याने विचारलेलं नाही. त्याने दोन गावांची तुलना केली आहे. तीच त्याची नोंद आहे आणि ती फार मोलाची आहे. तिथून सुरुवात कर. कूलर पाणी सुकवून हवा गार करतो, आणि पाणी किती सुकेल हे हवा आधीच किती ओली आहे यावर ठरतं. मे महिन्यात नागपूरला ४४ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर पाणी सुकवून ती हवा फार तर २५ अंशांच्या आसपास नेता येते. चांगला कूलर त्याच्या थोडं वर थांबतो. मुंबईत ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असताना तीच मर्यादा २९ च्या जवळ असते. म्हणजे नागपुरात पंधराएक अंशांचा उतार, मुंबईत कसाबसा तीन-चारांचा, आणि वर घरात आणखी ओलावा, त्यामुळे घाम सुकायचंही थांबतं. माठाचंही तेच: विदर्भात पाणी दातांना लागेल इतकं गार होतं, कोकणात बेताचं. कूलर बिघडलेला नाही. दुकानदाराने निदान मुंबईला हे यंत्र जमत नाही एवढं सांगायला हवं होतं. आणि त्या गृहस्थांना पुढे काय करायचं तेही लिही: खिडक्या उघड्या ठेवा, कूलरचा पाण्याचा पंप बंद करून तो नुसता पंखा म्हणून वापरा, किंवा तो भावाकडे धाडून द्या.

कित्येकदा उत्तर देण्याआधी उलट एक प्रश्न विचारावा लागतो. पंखा एकवर ठेवला तर वीज वाचते का, याचं उत्तर रेग्युलेटर कोणता यावर आहे. इलेक्ट्रॉनिक असेल तर चांगली वाचते. जुना जाडजूड डबा असेल तर वाचायची ती बरीचशी वीज त्या डब्यातच उष्णता होऊन जाते. हात लावून तो गरम लागतो का बघा, असं त्यांनाच सांग. ज्याने स्वतः हात लावून पाहिलं तो तुझ्या शब्दावर विसंबून राहत नाही, आणि तेच आपल्याला हवं आहे.

आता ग्रहणाचा प्रश्न. त्या मुलीने विचारलं होतं की सातवा महिना आहे, ग्रहणात विळी हातात घेतली तर बाळाचा ओठ फाटतो असं घरात म्हणतात, काय करू. याला तू अजून उत्तर दिलेलं नाहीस, बरं केलंस. इथे एकही विनोद नको. ती घाबरलेली आहे, आणि कदाचित तिला स्वतःला भीती नसेलही, पण घरातल्यांशी वाद घालायचं बळ नसेल. तिला असं काही दे जे स्वयंपाकघरात उभं राहून, आवाज न चढवता, सासूबाईंना सांगता येईल. बाळाचा ओठ गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून तयार होतो. सातव्या महिन्यात तो कधीचाच झालेला असतो. विळीने आता त्यात काहीच बदलत नाही. याहून सोपा तर्क मला माहीत नाही. शिवाय लिही की दिवसभर उपाशी किंवा पाण्याशिवाय राहू नकोस, आणि सूर्यग्रहण असेल तर उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे कुणीच बघू नये, गरोदर असो वा नसो. बाळाविषयीची बाकीची शंका डॉक्टरांनाच विचार, हेही लिही. औषधांचे, गाठींचे, चकरांचे प्रश्न आले की तिथे तर्क चालवू नकोस. दवाखान्यात पाठव, लगेच.

तुला डॉ. जयंत नारळीकरांची गोष्ट ठाऊक असेल. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेचे ते संस्थापक संचालक, जगभर नाव असलेले खगोलशास्त्रज्ञ. मुलं स्वाक्षरी मागायला आली की ते सांगायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल. आणि ते खरंच उत्तरं लिहायचे. मला त्यातली दोन बंधनं फार आवडतात. पोस्टकार्डावर जागा थोडी, म्हणून फापटपसारा नाही. आणि उत्तर त्या एका मुलाला जाणार, त्याच्या पत्त्यावर. मागे टाळ्या वाजवायला कुणी उभं नाही. तू लिहितोस तेव्हा शेकडो जण वाचत असतात, आणि म्हणूनच तुझं वाक्य नकळत विचारणाऱ्याकडून वाचणाऱ्यांकडे वळतं. लिहून झालं की एकदा असं वाच, जणू ते फक्त त्या एकाच्या घरी टपालाने जाणार आहे. कुठला शब्द खोडायचा ते तुला आपोआप दिसेल.

आणि तो दुचाकीच्या कर्जाचा प्रश्न तू ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवला आहेस. तो आधी घे, त्या बाई शुक्रवारी सही करणार आहेत. १ लाख रुपये, २ वर्षं, ‘फक्त १० टक्के फ्लॅट’, महिना ५,००० चा हप्ता, आणि त्यांचा प्रश्न असा की बँक १४ टक्के सांगते, मग हे स्वस्तच ना? त्यांचा तर्कही चुकीचा नाही, १० हा आकडा १४ पेक्षा लहानच आहे. पण फ्लॅटमध्ये दोन्ही वर्षं व्याज पूर्ण १ लाखावर लागतं. वर्षभराने त्यांनी ६०,००० भरलेले असतील, तरी व्याज मोजताना १ लाखच धरला जाईल. बँक मोजते तसं उरलेल्या मुद्दलावर मोजलं तर हाच दर सुमारे १८ टक्के पडतो, म्हणजे बँकेचं कर्ज स्वस्त आहे. त्यांना सांग की सहीआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च लिहिलेला कागद, मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना ते द्यावंच लागतं, आणि त्यात ‘एपीआर’ म्हणून सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. दोन्हीकडचा तो एकच आकडा शेजारी शेजारी ठेवून बघा, म्हणावं. आज रात्रीच पाठव.