आंबे माचात टाकतात की अढीत?

प्रश्न एका ताईंचा आहे. माहेर पुण्याकडचं, सासर अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यात. मे महिन्यात सासरी गेल्या तर सासूबाई म्हणाल्या, "ते आंबे माचात टाकून दे व." ह्यांनी घरभर माच नावाची खोली शोधली, पोटमाळासुद्धा बघितला, मग कळलं की माच म्हणजे आपली अढी. तर त्यांना विचारायचंय की माच हा शब्द खरा आहे की अढीचंच काहीतरी गावठी झालंय, आणि 'झाडाला पाड लागला' म्हणतात त्यातला पाड म्हणजे पाडलेला आंबा का.

माच खराच आहे, आणि तो शब्द अढीवरून आलेला नाही. दोन्ही शब्द एकाच गोष्टीला आहेत, म्हणजे कच्चे आंबे गवतात थर लावून पिकायला ठेवणे, फक्त मुलूख वेगळे. आमच्याकडे विदर्भात अढी असते ती मनात असते, आणि ती भावाभावांत वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून पडते. आंब्यासाठी माचच.

आता माच आला कुठून. संस्कृतातला मंच घ्या. पंचचं पाच झालं, दंतचं दात झालं, कंटकचा काटा झाला, तिथे अनुस्वार गेला आणि आधीचा स्वर लांबला, तसंच मंचचं माच. मंच म्हणजे जमिनीपासून उचललेली, अंथरलेली बैठक. हाच शब्द गडावर गेला तर माची झाला, राजगडाच्या पद्मावती, सुवेळा, संजीवनी ह्या तीन माच्या सगळ्यांना माहीत असतात, तिथे कोणी विचारत नाही की हे गावठी आहे का. बसायचा माचा तोच. आणि मचाण पण ह्याच घरातलं, ते आपल्याकडे हिंदीच्या वाटेनं आलं असं मला वाटतं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबाकडे पाणवठ्याजवळ मचाणावर बसून जनावरं बघतात ना, ते मचाण आणि सासूबाईंचा माच हे नात्यातले आहेत. एकावर माणूस जागत बसतो, दुसऱ्यावर आंबे झोपून असतात.

म्हणून माच शब्दात पिकवणं कुठेच नाहीये, अंथरूण आहे. हे मला फार आवडतं. कारण ते असतंच अंथरूण. आमच्या घरी अंधाऱ्या कोठीच्या खोलीत, जिथे दुपारी पण हात समोर धरला तर नीट दिसायचा नाही, तिथे आजी आधी गव्हांडा, म्हणजे गव्हाचं काड, पसरायची चांगला वीतभर, त्यावर आंबे एकाशेजारी एक, देठाकडचा चीक पुसून, मग परत गव्हांडा, परत आंबे, आणि वरून जुनं गोणपाट. मामाचं गाव भंडाऱ्याकडे, तिथे गहू कमी आणि धान जास्त, म्हणून तिथला माच तणसीचा, म्हणजे धानाच्या काडाचा. मी लहानपणी पैजेवर सांगायचो की तणसीतल्या आंब्याला वेगळा वास येतो, आणि आजही सांगेन. कोणी मानत नाही, ते सोडा.

आता ह्यात जादू काही नाही. आंबा पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतो, गवतात तो आणि ऊब दोन्ही अडकून राहतात, मग एक पिकला की शेजारच्याला पण पिकवायला घेतो. एक सडला की शेजारचा पण जातो, म्हणून रोज माच चाळावा लागायचा आणि ते काम पोट्ट्यांचं. बाहेर ४५ च्या वर ऊन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, मोठी माणसं ओल्या वाळ्याच्या ताटीआड आडवी झालेली, आणि आम्ही चौघं कोठीत गुडघ्यावर बसून गव्हांड्यात कोपरापर्यंत हात घातलेले. बाहेर अंग भाजतंय आणि आत गवतात एक वेगळीच ओलसर ऊब, त्यात बोटाला एखादा मऊ आंबा लागला की काळजात धस्स व्हायचं, पिकला का सडला. माझी सवय अंगठ्यानं दाबून बघायची. आजी दारातूनच ओरडायची, "अबे दाबू नोको त्याले, नाकानं पाह्य!" दाबलेल्या जागी दुसऱ्या दिवशी काळा डाग पडतो, हे तिला माहीत होतं आणि दाबणारा कोण हे पण माहीत होतं. मग आम्ही आंबे नाकाला लावून लावून बघायचो, पिकलेले निघाले की गंजात (मोठ्या पातेल्यात) पाणी भरून त्यात टाकायचे, आणि संध्याकाळी अंगणात पाणी शिंपलं की तिथे बाजेवर बसून चोखायचे. हात धुवायला कोणी उठायचं नाही. कोपरापर्यंत रस.

मधले आंबे आधी पिकायचे, कडेचे मागं राहायचे. म्हणून एका माचात आठ-दहा दिवस निघायचे, आणि एकदा भरपूर निघाले की रस आणि सरगुंडे (काडीवर वळलेल्या शेवया), मग त्या दुपारी कोणालाच जाग नसायची.

आता पाड. इथे ताईंचा अंदाज बरोब्बर उलटा आहे. झेल्यानं (जाळी लावलेल्या काठीनं) उतरवलेला किंवा दगड मारून पाडलेला आंबा पाडाचा नसतो. झाडावरच पिकून आपल्या मनानं गळायला आलेला, तो पाडाचा. धातू पडणेच आहे, पण पाडणारा माणूस नाही. वावधन (वादळवारा) सुटून कैऱ्यांचा सडा पडतो तो पण पाड नव्हे, ते नुकसान, त्याचं लोणचं होतं. पाड लागला ह्याचा खरा अर्थ शेतकऱ्यासाठी असा की झाडावर एकदोन आंबे पिकायला लागले, राघू टोचायला लागले, म्हणजे बाकीचे जून झालेत, आता झाड उतरवून माच टाकायला हरकत नाही. पाड आधी, माच नंतर. घाई करून कोवळेच उतरवले तर माचात ते सुरकुततात, पिकत नाहीत. ('त्याच्यापुढे ह्याचा काय पाड' मधला पाड तुलनेचा, किमतीचा आहे, त्याची इथे गल्लत नको.)

हल्ली बाजारातला आंबा ना पाडाचा ना माचाचा. कार्बाईडची पुडी टाकली की दोन दिवसांत वरून पिवळाधम्मक, आत आंबट. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत ह्याला बंदी आहे तरी मागच्या वर्षी मी असले दोन डझन घरी आणलेच, आणि आईनं एक नाकाला लावून तिथेच ठेवून दिला, बोलली काही नाही.

एक गोष्ट मात्र, ताई, मला तुमच्याकडूनच हवीय. आमच्या घरी तो माच, मामाकडे काही जण ती माच म्हणायचे. तुमच्या सासूबाई काय म्हणतात, माच 'टाकला' की 'टाकली', ते ऐकून सांगा. थेट विचारू नका, विचारलं की माणसं पुस्तकातलं बोलायला लागतात.