टोप्यांशी बोलणारी सोफी

प्रश्न : जपानी अॅनिमेशन दिग्दर्शक मियाझाकी यांचा ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ हा चित्रपट पाहून ब्रिटिश लेखिका डायना विन जोन्स यांची मूळ कादंबरी वाचायला घेतली, तर ती फारच निराळी निघाली. चित्रपटभर पसरलेले युद्ध पुस्तकात का सापडत नाही?

उत्तर : १९८६च्या कादंबरीत युद्धाची चाहूल केवळ बोलण्यातून लागते, २००४च्या चित्रपटात मियाझाकी यांनी ते केंद्रस्थानी आणले, कारण इराक युद्धाने ते अतिशय अस्वस्थ झाले होते. या बदलाची किंमत मात्र कथेची नायिका सोफी हिला मोजावी लागली, असे मला वाटते. पुस्तकातली सोफी टोप्यांच्या दुकानात एकटी बसून टोप्या सजवताना त्यांच्याशी बोलते, एका टोपीला सांगते की कुणी बडा माणूस तुझ्यावर भाळेल, आणि ती टोपी विकत घेणारी मुलगी खरोखरच एका सरदाराबरोबर पळून जाते. बोललेला शब्द खरा करण्याची ही विद्या आपल्यापाशी आहे, याचा तिला बराच काळ पत्ताच नसतो, आणि अखेरीस त्याच विद्येने ती कॅल्सिफर या अग्निपिशाच्चाला जगवते. चित्रपटात हा धागा जवळजवळ दिसेनासा होतो. जादूगार हाउल मुळात आपल्याच जगातल्या वेल्सचा, हेही त्यात गळले आहे.

तरीही एक गोष्ट पडद्यानेच साधली आहे. शापाने म्हातारी झालेली सोफी झोपली की तिचा चेहरा तरुण होतो, आणि जागेपणी स्वतःला कमी लेखताच सुरकुत्या परततात. राजवाड्यात राजाची जादूगारीण मॅडम सुलिमान हिच्यापुढे ती हाउलची बाजू मांडते, तो प्रसंग यासाठी आपण पुन्हा पाहावा.