ब्रेड घरी करणं परवडतं का? कमी पैशांत दोघांनी नीट खायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की लग्नाला आठ महिने झालेत, दोघं नोकरी करता, भाडं आणि गावी पाठवायचे पैसे गेले की खाण्यासाठी महिन्याला सात हजारांच्या आत भागवायचंय. सकाळी घाईत ब्रेड लागतो, म्हणून ओव्हन घेऊन तो घरीच करावा का, आणि एकूण खर्च कमी करताना तब्येत कशी सांभाळावी, असं विचारलंय. मी गेली २५ वर्षं पिंपरी-चिंचवडमध्ये घर चालवतेय. त्यातले १४ महिने घरात पगारच नव्हता. तेव्हा जे जमलं आणि जे चुकलं, दोन्ही सांगते.

आधी ओव्हनचं. निदान या वर्षी घेऊ नका. ४०० ग्रॅमचा गव्हाचा ब्रेड आमच्या दुकानात ५० रुपयांना मिळतो. घरी करायचा तर ३०० ग्रॅम कणीक लागते, म्हणजे दळणासकट १४-१५ रुपये. यीस्ट, तेल, मीठ मिळून ५-६. ओव्हन तापून ब्रेड भाजून होईपर्यंत जवळजवळ एक युनिट वीज जाते, ते ८-१० रुपये. म्हणजे घरचा ब्रेड ३० रुपयांना पडला आणि २० वाचले. पाच हजारांचा ओव्हन वसूल व्हायला २५० ब्रेड करावे लागतील, आठवड्याला दोन केले तरी जवळजवळ अडीच वर्षं. घरच्या ब्रेडची चव खरंच चांगली लागते, मी अजूनही कधीकधी करते, पण कढईत. ३०० ग्रॅम कणीक, एक चमचा यीस्ट, एक लहान चमचा मीठ, दोन चमचे तेल आणि साधारण २०० मिली कोमट पाणी. सैलसर मळून झाकून ठेवायचं. उन्हाळ्यात पाऊण तासात दुप्पट होतं, थंडीत दोन तास लागतात. मग तेल लावलेल्या डब्यात घालून पुन्हा फुगू द्यायचं. जाड बुडाच्या कढईत स्टँड ठेवून झाकण लावून दहा मिनिटं तापवायची, आत डबा ठेवायचा आणि मंद आचेवर ४० मिनिटं. वरून रंग येत नाही, म्हणून शेवटी तव्यावर उलटा टाकून शेकून घ्यायचा. यीस्टचं फोडलेलं पाकीट घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा, महिनोन्‌महिने टिकतं.

पण रोजचं पोट ब्रेडवर भरू नका. भाकरी शिका. माझं माहेर बार्शीकडचं, त्यामुळे माझा जीव ज्वारीत आहे हे कबूल करते, पण हिशेबही तेच सांगतो. एक किलो पिठात १३ मध्यम भाकऱ्या होतात. ज्वारी ५० रुपये आणि दळण सात धरलं तर एक भाकरी साडेचार रुपयांच्या आत बसते आणि दोन भाकऱ्यांत दुपारपर्यंत भूक लागत नाही.

ज्वारी घेताना मालदांडी मागा, तिलाच शाळू म्हणतात. रब्बीची ही ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, त्यामुळे मार्च ते मे दरम्यान नवी आणि चांगली मिळते. मंगळवेढ्याच्या मालदांडीला तर भौगोलिक मानांकन आहे. दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरट-पिवळा हवा. दाताखाली फोडून बघा, कडक फुटला पाहिजे. आमच्याकडे वर्षाचं धान्य एकदम भरतात, पण तुम्ही तो हट्ट धरू नका. दोघांना एका वेळी दहा किलो पुष्कळ झालं. दोन दिवस ऊन द्या, पूर्ण निवू द्या (गरम धान्य डब्यात भरलं की आत घाम धरतो), मग कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दाणे भरपूर आणा, पण पीठ मात्र थोडं. एका वेळी दोन किलोच दळा. ज्वारीचं पीठ पंधरा दिवसांवर गेलं की त्याची विरी, म्हणजे भाकरी धरून ठेवायची ताकद, जाते, मग कितीही मळा, भाकरी थापताना चिरतेच. नवशिक्यांना वाटतं आपला हात वाईट. हात बरा असतो, पीठ जुनं असतं. गिरणीत डबा देताना ‘ज्वारीवर टाका’ म्हणून सांगायचं, नाहीतर आधीचं गव्हाचं किंवा हरभऱ्याचं पीठ मिसळून येतं.

आता कृती. गव्हाला जो चिकटपणा असतो तो ज्वारीत नाही, म्हणून पाणी उकळतं हवं. त्यानं पिठातला स्टार्च फुलतो आणि तोच भाकरी धरून ठेवतो. परातीत एका भाकरीपुरतंच पीठ घ्या, मध्ये खळगा करून उकळतं पाणी घाला, चमच्यानं कालवा. हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताच्या टाचेनं रगडा. इथे कंटाळा करायचा नाही, एकेका गोळ्याला दोन-तीन मिनिटं द्या. कड चिरत असेल तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. मग परातीत कोरडं पीठ भुरभुरून थापायची. थापताना भाकरी परातीत आपोआप फिरत राहिली पाहिजे, चिकटली तर खाली पीठ कमी पडलंय. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येऊ द्या आणि लगेच तिच्यावर पाण्याचा हात फिरवा. पाणी सुकत आलं की उलटा. खालची बाजू नीट शेकली की तवा बाजूला काढून पहिली बाजू थेट जाळावर. फुगून पापुद्रा सुटला की झाली. मला हे बाराव्या वर्षी शिकवलं गेलं, माझ्या मुलीनं तेविसाव्या वर्षी पंधरवड्यात शिकून घेतलं. आणि हो, हे तुम्ही दोघांनीही शिका. एकानं थापायच्या, एकानं शेकायच्या, अर्ध्या तासात दोन्ही वेळचं होतं.

आता जे माझ्याकडून चुकलं ते. २०१३ साली यांचा कारखाना बंद पडला. मुलगी सातवीत होती. मी शिवणकाम करायचे, त्यावर आणि साठवलेल्या थोड्या पैशांवर घर चाललं. काटकसर मला आईकडून आली होती. बहात्तरच्या दुष्काळात ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिथं मिळणारी सुकडी (पौष्टिक कोरडं खाणं) आणि रेशनवरची मिलो, म्हणजे ती परदेशातून आलेली लाल ज्वारी, यावर त्यांनी दिवस काढले. ती कायम सगळ्यांच्या शेवटी जेवायची, पातेल्याला जे लागलेलं असेल ते. मीही तेच करू लागले. उसळ त्या दोघांना, मला तिचा रस्सा. दूध मुलीला, मला कोरा चहा, तोही जेवणाला लागूनच, कारण त्यानं भूक मरायची. हिशेबाच्या वहीत खर्च कमी दिसत होता आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. दहाव्या महिन्यात जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.२. बाईला किमान १२ हवं. गोळ्या, तपासण्या, शिवणाचे बुडलेले दिवस, या सगळ्यात वाचवलेलं सगळं गेलं. वर सात महिने अशक्तपणा राहिला तो वेगळा.

म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते, डाळ-कडधान्य, शेंगदाणे आणि दूध-ताक यांना कात्री लावू नका. आणि तुमच्यापैकी एकानं दुसऱ्यासाठी आपलं ताट गुपचूप कमी करू नका. आम्ही आता तिघं एकदम बसतो, भांडी मध्ये ठेवतो, म्हणजे कुणाच्या ताटात काय पडतंय ते दिसतं.

डॉक्टरांनी तेव्हा मला पुष्कळ समजावून सांगितलं, त्यातलं कामाचं देते. साधारण ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. दिवसभरात चार भाकऱ्या खाल्ल्या तर त्यांतून ३० मिळतात. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ १०-११ देते. ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून सात, एक पेला दुधातून किंवा वाटीभर दह्यातून सहा. झाले पन्नास, आणि यात महागडं काहीही नाही. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं आणि ते डाळी-कडधान्यांत भरपूर असतं, त्यामुळे भाकरीसोबत पिठलं, आमटी, उसळ हवीच. नुसती चटणी-भाकरी एखाद्या दिवशी ठीक, रोज नको. उसळीवर लिंबू पिळा, त्यानं लोह अंगी लागतं. चहा जेवणानंतर तासाभरानं घ्या, लगेच घेतला तर तोच लोह अडवतो. मी नेमकं उलटं करत होते.

मटकी रात्री भिजवून सकाळी कापडात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड येतात. आठवड्याला फिरवत राहा, म्हणजे कंटाळा येत नाही: मटकी, हिरवे मूग, चवळी, हरभरा, कुळीथ. थंडीत कुळथाचे शेंगोळे करा, एकाच भांड्यात अख्खं जेवण होतं. हरभरा भिजवायला विसरलात तर त्या दिवशी करूच नका, गॅस फुकट जातो. पिठलं करा. पिठल्याला दहा मिनिटं आणि वाटीभर बेसन पुरतं. कुकर लावताना एका डब्यात डाळ, एकात भात लावाच, शिट्ट्या झाल्या की आच बंद करून वाफ आपोआप जिरू द्या, त्या वाफेतही शिजत राहतं.

दाण्याची, जवसाची आणि कारळ्याची चटणी महिन्यातून एकदा करून बरण्या भरून ठेवा. सोलापूरकडे दाण्याची चटणी उखळात लसूण आणि तिखट घालून तेल सुटेपर्यंत कुटतात, तुम्ही मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, सलग नको. दुकानातली छोटी पाकिटं घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आणि ताजं.

भाजीचं थोडक्यात. पालेभाजी हंगामातलीच घ्या: थंडीत चाकवत, मेथी, हरभऱ्याचा पाला. हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवला तर उन्हाळ्यातही होतो, ज्वारीचं पीठ आणि दाण्याचं कूट लावून. मुळ्याचा पाला, फ्लॉवरचा कोवळा दांडा, कोथिंबिरीच्या काड्या टाकू नका. दोडक्याच्या शिरांची तीळ-लसूण घालून चटणी मला दोडक्याच्या भाजीपेक्षा जास्त आवडते. संध्याकाळी मंडई उठताना भाजी निम्म्या भावात मिळते खरी, पण ती त्याच रात्री निवडून ठेवण्याइतकं त्राण असेल तरच घ्या. आमच्या घरात सगळ्यात जास्त पैसा सडलेल्या भाजीत जात होता. हे मला कळलं ते टाकलेल्या वस्तू महिनाभर वहीत लिहिल्यावर. तुम्हीही एक महिना लिहून बघा, काय टाकलं आणि ते किती रुपयांचं होतं.

दूध अर्धा लिटरच घ्या, पण सायीचं. रोजची साय विरजणात जमवा. आठवड्याला घुसळलं की ताक निघतं, लोणी निघतं आणि कढवल्यावर छोटी वाटीभर तूप. खाली राहते ती बेरी कणकेत मळून पोळ्या करा, खुसखुशीत होतात. ताकाची कढी झाली की त्या दिवशी आमटीची डाळ वाचते, मग सोबत उसळ ठेवा.

आणि तुमच्या सकाळच्या घाईबद्दल. ब्रेडच्या जागी रात्रीच दोन भाकऱ्या जास्त करून ठेवा. ज्वारीची शिळी भाकरी सकाळी कुस्करून, कांदा, शेंगदाणे, कढीपत्त्याची फोडणी देऊन सात मिनिटांत होते. उन्हाळ्यात तीच ताकात कालवून, वर लसणाची फोडणी.

या रविवारी दोनच किलो मालदांडी आणा, एक किलो दळून घ्या, उरलेली तशीच ठेवा. पहिल्या पाच-सहा भाकऱ्या तुटतीलच. त्या सगळ्या त्या कुस्कऱ्यात चालतात.